जुनी कॅम्पर व्हॅन: सांभाळायला किती, विकताना किती? नाशिकहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ पासून मी १९९३ सालची मॅटॅडोर सांभाळतो आहे. पांढऱ्या पाटीची, डिझेल, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी लावून चहा ठेवला की कोणी ना कोणी येऊन विचारतंच, आणि नंतर फोनवर तेच प्रश्न पुन्हा येतात. सगळ्यात जास्त प्रश्न पैशाचे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझ्या गाडीचे आकडे माझ्या खर्चाच्या वहीतले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील.

१. क्लासिक कॅम्पर व्हॅन म्हणजे फोक्सवॅगनचीच ना? ती आपल्याकडे मिळते का?

चित्रांत नेहमी दिसते ती फोक्सवॅगनची टाइप २. तिचं उत्पादन जर्मनीत १९५०च्या सुमाराला सुरू झालं आणि ब्राझीलमध्ये थेट २०१३ पर्यंत चाललं. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. आपल्याकडे ती फार थोड्या लोकांकडे आहे आणि बाजारात क्वचितच येते.

आपल्या रस्त्यावरच्या जुन्या व्हॅन वेगळ्या. बजाज टेम्पोची मॅटॅडोर मूळ जर्मन हानोमाग घराण्यातली, १९६९ पासूनची, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असणारी. १९८७ साली आलेली टेम्पो ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या टी-१ वर बेतलेली. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं. आणि तिसरी मारुती व्हॅन. ती १९८४ साली आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनली. ७९६ सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली. दोघांना झोपायला पुरते, पण उंच माणसाला पाय दुमडावे लागतात. या पानावर मुख्यतः या तिघींबद्दलच लिहिलं आहे.

२. दादा, एकच आकडा सांगा. घेण्यापासून राहण्याजोगी होईपर्यंत किती लागतात?

माझी गाडी १ लाख ४० हजारांना मिळाली. पहिल्या दोन वर्षांत पत्र्याचं काम आणि रंग ८५ हजार, इंजिन ६२ हजार, ब्रेक-स्टिअरिंग-पाटे ३८ हजार, स्टेपनीसह पाच टायर २६ हजार, वायरिंग आणि सीट ३० हजार. बेड, ओटा, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी आणि सोलर मिळून १ लाख १० हजार. एकूण ४ लाख ९१ हजार.

गाडीच्या किमतीपेक्षा अडीचपट पैसे नंतर गेले. म्हणून कोणी "दोन लाखांचं बजेट आहे" म्हटलं की मी सांगतो, ऐंशी हजारांची गाडी शोधा आणि बाकीचे हातात ठेवा. दोन लाख गाडीतच घातले तर ती दारात उभी राहील आणि कामाला पैसे उरणार नाहीत.

३. आणि मग दरवर्षी किती?

मी वर्षाला साधारण ५,००० किलोमीटर फिरतो. लिटरला १० किलोमीटर धरले तर डिझेलचे सुमारे ४५ हजार. थर्ड पार्टी विम्याचा दर १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७ रुपये आहे, जीएसटीसह ९,३०० च्या आसपास. ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग ९ हजार. अचानक येणाऱ्या कामासाठी मी २५ हजार बाजूला काढतो आणि ते बहुतेक संपतातच. टायर, बॅटरी आणि नोंदणी नूतनीकरणाचा खर्च वर्षांत वाटला तर आणखी १० ते १२ हजार. म्हणजे वर्षाला लाखाच्या घरात.

आम्ही वर्षातून सुमारे ४० रात्री गाडीत काढतो. एका रात्रीला अडीच हजार पडतात, त्यात प्रवासही आला. दहाच रात्री काढणाऱ्याला डिझेल सोडून बाकीचा खर्च जवळपास तेवढाच येईल. तुमच्या किती रात्री होतील हे आधी प्रामाणिकपणे ठरवा. त्यावर सगळं गणित उभं आहे.

४. वापरलीच नाही तर खर्च वाचेल ना?

उलटं होतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, व्हील सिलिंडर जाम होतात, टायर एका जागी बसतात, टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरी कुरतडतात. पेट्रोल गाडीत आता इथेनॉलचा त्रास वाढला आहे. जुन्या ओम्नीचे कार्ब्युरेटरचे रबर आणि पेट्रोलचे पाइप २० टक्के इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते कडक होतात, झिरपतात. पाइप इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या. त्याला फार पैसे लागत नाहीत आणि आगीचा धोका टळतो. फोक्सवॅगनच्या जुन्या बस जळण्यामागे मागच्या इंजिनाजवळचे कुजलेले पेट्रोल पाइप हेच नेहमीचं कारण सांगितलं जातं.

लॉकडाउनमध्ये माझी गाडी चार महिने हलली नाही. बाहेर काढताना चारही चाकांचं ब्रेकचं काम करावं लागलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तिला निदान त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत नेऊन आणतो.

५. घेताना आधी काय पाहायचं? इंजिन ना?

इंजिन शेवटी पाहा. आधी कागद (प्रश्न ७, ८ आणि १७), मग पत्रा.

इंजिन बांधता येतं, त्याचा खर्च आधी सांगता येतो. सडलेल्या पत्र्याचा खर्च कापून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. छताचं पन्हाळ, पुढच्या काचेच्या रबराखालचा भाग, दाराच्या खालच्या कडा, पायरी, चाकांच्या कमानी आणि ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलून फ्लोअर, हे सगळं हाताने चाचपा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मी स्वतः नव्या रंगाला भुललो होतो. रंगाखाली एका बाजूला बोटभर जाड पुट्टी आणि तिच्या आत जाळी निघाली. वरच्या ८५ हजारांतले निम्मे त्यातच गेले.

गाडी कुठे राहिली तेही विचारा. इगतपुरी-घोटीच्या पावसात दहा वर्षं उघड्यावर उभी असलेली आणि सिन्नर-येवल्याच्या कोरड्या हवेत राहिलेली, एकाच सालच्या असल्या तरी पत्रा वेगळा असतो. कोकणातून आलेली गाडी तर खालून रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय घेऊच नका.

टेस्टला सपाट रस्त्यावर नेऊ नका. कसारा घाट किंवा वणीहून गडाकडे जाणारा चढ घ्या, भरल्या गाडीने. तापमानाचा काटा, क्लच आणि उतरताना ब्रेक तिथे कळतात.

६. सुटे भाग मिळतात का? की गाडी महिनोन्‌महिने पडून राहते?

ओम्नीचे जवळपास सगळे मिळतात, गल्लीतल्या गॅरेजातही. ट्रॅव्हलर आणि नंतरच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ घराण्याचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आहे. ते हजारो टेम्पो-ट्रॅक्समध्ये बसलं, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट अजून सापडतात. अडचण बॉडीच्या भागांची येते: पुढची काच, दाराचे रबर, जाळी, दिव्यांच्या कड्या. ते दिसले की गरज नसतानाही घेऊन ठेवा.

नाशिककरांना एक मोठा फायदा आहे. सातपूरचा मायको, म्हणजे आताचा बॉश, डिझेलच्या नोझलचाच कारखाना. इथे पंप आणि नोझल समजणारा हात शोधावा लागत नाही. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बुश, पिन, ब्रॅकेट नमुन्यावरून लेथवर करून मिळतात. माझ्या सरकत्या दाराचा रोलर कुठेच मिळाला नाही, तो असाच बनवून घेतला आणि मूळपेक्षा चांगला चालतो.

७. आत बेड, ओटा, सिंक बसवायला आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेली माहिती उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून वेगळी पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. छत कापून उंच करणं, चेसिस लांबवणं, खिडक्या पाडणं, सीटची संख्या बदलणं हे सगळं यात येतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, पण जुन्या गाडीला ते लावून घेणं वेळखाऊ आणि महाग जातं.

मी आत काहीच वेल्ड केलेलं नाही. बेड सीटच्या फ्रेमवर बसणाऱ्या फळ्यांचा, ओटा उचलून बाहेर ठेवता येणाऱ्या पेटीचा. तपासणीच्या दिवशी सगळं घरी काढून ठेवतो, गाडी आरसीप्रमाणे जशीच्या तशी उभी राहते. ज्यांना कायमचं काम करायचं आहे त्यांनी पेठ रोडच्या आरटीओत आधी लेखी विचारावं, सुतार नंतर बोलवावा. घरगुती सिलिंडर आत कायमचा बांधू नका. छोटा घ्या, वापरताना दार उघडं ठेवा, झोपताना बाहेर काढा.

८. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते असं सगळे म्हणतात. मग घ्यायची कशाला?

नाशिकमध्ये खासगी गाडीला असं बंधन नाही. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागाचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची. शुल्क मात्र चढलं आहे. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या चारचाकीला ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले, जीएसटी वेगळा. वर राज्याचा पर्यावरण कर आहे. मुदत चुकली तर दर महिन्याला ५०० रुपये दंड चढतो, म्हणून संपण्याच्या दोन महिने आधी अर्ज करा. उच्च सुरक्षा पाटी नसेल तर तीही लागेल. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

गाडी पिवळ्या पाटीची असेल तर सगळंच बदलतं: फिटनेस वारंवार, कर वेगळा, विमा महाग. जुन्या मॅटॅडोर बहुतेक अशाच आहेत. विकणाऱ्याने खासगीत रूपांतर करून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

९. विम्यात गाडीची किंमत किती धरतात?

पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे, तो पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. त्यापुढे किंमत विमा कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची असते. इथेच बहुतेक जण मुकाट राहतात आणि पाच लाख खर्चलेल्या गाडीची किंमत चाळीस हजार धरली जाते. बिलं, फोटो आणि सर्व्हेअरचं मूल्यांकन घेऊन आग्रह धरा. सगळ्या कंपन्या मानत नाहीत. पॅकेज पॉलिसी (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) मिळालीच नाही तर थर्ड पार्टी तरी कधीही खंडू देऊ नका.

१०. खरं सांगा, विकताना पैसे निघतात का?

सगळे निघत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या गाडीला दोन प्रामाणिक प्रस्ताव आले: पावणेतीन लाख आणि सव्वातीन लाख. चांगला धरला तरी घातलेल्या ४ लाख ९१ हजारांतून १ लाख ६६ हजार कमी.

कुठल्या खर्चाची किंमत समोरच्याने दिली हे पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. दोघांनीही पहिल्यांदा आरसीची वैधता पाहिली. मग खाली झोपून फ्लोअर पाहिला. मग वही मागितली. माझ्याकडे २०१८ पासूनचं प्रत्येक बिल आहे आणि पत्रा कापतानाचे, नवा पत्रा जोडतानाचे, रंगाआधीचे फोटो आहेत. सव्वातीन लाखांचा प्रस्ताव देणाऱ्याने सांगितलं की फोटो नसते तर तो दोनच्या वर गेला नसता. आतल्या १ लाख १० हजारांच्या कामाला त्याने जेमतेम वीस-पंचवीस हजार धरले. त्याला बेड आडवा हवा होता, मला उभा आवडतो. प्रत्येकाला आपल्या सोयीची रचना हवी असते, त्यामुळे लाकूडकामाचा पैसा परत येत नाही. तो स्वतःच्या वापरासाठीच खर्च करा आणि वापरून वसूल करा.

भाव राखणाऱ्या गोष्टी म्हणजे मूळ इंजिन आणि त्याचा आरसीशी जुळणारा नंबर, न कापलेलं छत, मूळ डॅशबोर्ड, काचा, नावाच्या पट्ट्या, पहिलं आरसी पुस्तक, मालकांची कमी संख्या. भाव पाडणाऱ्या गोष्टी मालकाला बहुतेक वेळा सुधारणा वाटतात: झगमगीत दिवे, रुंद टायर, दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग, भडक रंग. काढलेले मूळ भाग फेकू नका. पोत्यात भरून गाडीबरोबर द्या, ग्राहक त्याचे पैसे देतो.

घाईत विकू नका. हा बाजार फार छोटा आहे. योग्य माणूस सहा महिन्यांनी येतो. पावसाळ्यात तर कोणी फिरकत नाही. दसरा ते होळी हा काळ बरा, तेव्हा लोकांच्या डोक्यात फिरणं असतं.

११. परदेशात या गाड्यांचे भाव कोटींत गेलेत. आपल्याकडेही जातील ना?

तिथेही सगळ्यांचे गेले नाहीत. २०११ साली अमेरिकेत बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात २३ खिडक्यांची फोक्सवॅगन दोन लाख डॉलरच्या वर गेली, पण ती १९६७च्या आधीची, दुर्मीळ प्रकारातली आणि उत्तम पुनर्बांधणी केलेली होती.

शिवाय तिथला कायदा जुन्या गाडीच्या बाजूने आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, मूळ रूपातल्या गाडीला ऐतिहासिक पाटी आणि कमी कर मिळतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनी रस्ता कर माफ. बॉडीचा जवळजवळ प्रत्येक पत्रा नवा बनवून विकला जातो. आपल्याकडे पंधरा ते पन्नास वर्षांच्या गाडीला क्लासिक म्हणून कोणताच दर्जा नाही, ती जितकी जुनी तितकं शुल्क जास्त. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं, कारण मॅटॅडोर हा आपल्या लग्नांचा, शाळांच्या सहलींचा, दवाखान्यांचा इतिहास आहे आणि रोज भंगारात चालला आहे. पण ते होईपर्यंत गुंतवणूक म्हणून ही गाडी घेऊ नका.

१२. मग पन्नास वर्षं पूर्ण झालेली मॅटॅडोर घेऊन व्हिंटेज नोंदणी करू का?

जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीला "व्हीए" अक्षरांची पाटी मिळते. नवीन नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. थर्ड पार्टी हप्त्यातही ५० टक्के सवलत आहे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती नाही, म्हणजे भंडारदऱ्याला मुक्कामाला नेता येणार नाही. संग्राहकासाठी ठीक, फिरणाऱ्यासाठी नाही.

१३. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्या स्वस्त आहेत. तिकडून आणली तर?

किमतीत फरक आहे, पण तो वाटेत संपतो. तिथल्या आरटीओची एनओसी, इकडे आणण्याचा ट्रकखर्च, नाशिकमध्ये तपासणी, गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर आणि नवा एमएच-१५ नंबर. एनओसी हातात येण्याआधी एक रुपयाही देऊ नका. विकतानाही परराज्यातून आलेल्या गाडीला कमी भाव येतो.

१४. २०२७च्या सिंहस्थात भाड्याने देऊन दोन वर्षांचा खर्च काढता येईल का?

खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेता येत नाही, त्याला परवाना लागतो. आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, तो भुर्दंड पूर्ण तुमच्यावर. राज्याचं २०२१चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. तो मार्ग घ्यायचा तर नोंदणीकृत, मानकाप्रमाणे बनलेली गाडी घ्या, तीस वर्षांची मॅटॅडोर नको. नातेवाइकांना विनामूल्य राहायला दिली तर प्रश्न नाही.

१५. गाडी विकली, पण घेणाऱ्याने नाव बदललंच नाही. आता?

कागदावर मालक तुम्हीच आहात, आणि अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९, म्हणजे विक्रीची सूचना, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत द्यायचा असतो. पैसे घेतलेल्या दिवशीच फॉर्म २९ आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज) भरा, पोहोच जपा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख-वेळ लिहिलेली पावती ठेवा. शक्यतो नाव बदलल्यावरच चावी द्या.

१६. घेतल्यापेक्षा जास्त किमतीला विकली तर कर लागतो का?

स्वतःच्या वापराची गाडी असेल तर नाही, आयकरात ती भांडवली मालमत्ता धरत नाहीत. व्यक्तीने व्यक्तीला विकताना जीएसटीही नाही. नेहमी घेऊन-विकत असाल तर तो धंदा होतो, मग सीएला विचारा.

१७. चेसिस नंबर गंजून वाचता येत नाही. गॅरेजवाला म्हणतो, पंच करून देतो.

अजिबात करू नका. नंबर स्वतः पुन्हा ठोकलेली गाडी चोरीची समजली जाते आणि मग ती कोणीच विकत घेणार नाही. नंबरावरचा गंज तार ब्रशने नव्हे, रॉकेल आणि मऊ कापडाने हळू काढा, मग कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या. बरेचदा अंक उठतात. नाही उठले तर आरटीओकडे अर्ज करा, पुढची तपासणी आणि परवानगी त्यांच्याकडूनच. घेणाऱ्यांसाठी: सौदा बोलण्याआधी तिथेच उकिडवं बसून छाप घ्या आणि आरसीशी एकेक अंक लावून पाहा.

१८. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, दुसरी एक बंद पडलेल्या शाळेच्या नावावर. घ्यावी का?

वडिलांची असेल तर मार्ग सरळ आहे. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ (वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज), मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मुदत उलटली असली तरी काम होतं, दंड आणि खेपा वाढतात. आधी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग तुमच्या.

शाळेच्या किंवा संस्थेच्या गाडीला सही कोण करणार हा खरा प्रश्न. विश्वस्तांचा ठराव आणि सहीचा अधिकार असलेला जिवंत माणूस हवा. ठराव मिळत असेल तर अशा गाड्या उत्तम निघतात, कमी पळालेल्या आणि शेडमध्ये राहिलेल्या. मिळत नसेल तर ती फक्त सुट्या भागांसाठी, भंगाराच्या भावानेच घ्या. काच, रबर आणि दारं काढून ठेवा, प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसं तेच पुढे सापडत नाही.